खालच्या धुऱ्याकडची ओळ

गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हापासून धानाच्या रोवणीच्या दिवसांत माझी जागा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, असते. पळसाच्या झाडाखाली एक प्लास्टिकची खुर्ची, तिच्या मागच्या पायांखाली दोन चपटे दगड. दगड नसले तर खुर्ची ओल्या मातीत रुतते आणि मी आभाळाकडे पाहत मागे कलंडते. एकदा कलंडलेही आहे. बाया इतक्या हसल्या की त्या दिवशीची रोवणी अजून वाकडी दिसते म्हणतात. असो. तर आज सकाळपासून मी इथे बसले आहे. समोर तलावाखालच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बाया ओळीने वाकल्या आहेत, चिखलात बोटं खुपसत एकेक पाऊल मागे सरत आहेत, आणि त्यांच्यापुढे हिरवं काहीतरी उमटत चाललं आहे. पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, उपटल्यावर मुळांना जो कच्चा, किंचित माशासारखा वास येतो तो सगळीकडे भरला आहे. पलीकडच्या शेतात सारसाची जोडी उभी आहे. त्यांना घाई नाही. त्यांना कधीच घाई नसते.

हा हंगाम परत आला की मला एक निराळंच सुख होतं. डोक्यावरचा मोठा भारा उतरवला की मान आपोआप वर जाते बघा, तसं. भारा उतरून बरीच वर्षं झाली, पण मान अजून विसरलेली नाही. बांधीत शेवंता ट्रॅक्टरवाल्या पोराला ओरडते आहे, त्याने चिखल नीट केला नाही म्हणून. तिचा आवाज सगळ्यांच्या वर लागतो. हाच आवाज एका हंगामात आमच्या घरात जवळजवळ बंद झाला होता. ती माझी धाकटी सून. आज मला जे लिहायचं आहे ते त्या हंगामाचं.

त्याआधी माझ्या शाळेचं सांगते, कारण या गोष्टीत ती येते. माझी शाळा म्हणजे पोरांची जुनी पुस्तकं. लहानपणी अक्षरं ओळखण्यापुरती शाळा झाली आणि मग घरच्या शेळ्या कोणी पाहायच्या हा प्रश्न आला. लग्नानंतर मुलं शाळेत जाऊ लागली तसं मी त्यांच्या मागून वाचत गेले. मोठा चौथीत गेला की मी तिसरीत, असं. मराठी वाचलं, इतिहास वाचला, गणिताला मी दुरून नमस्कार केला. पण विज्ञान मला फार आवडलं. चूल, पाऊस, ताप, गंज, दही, हे सगळं ज्यात येतं त्याला मुलं अवघड विषय म्हणतात याचं मला अजून नवल वाटतं. पुढे मुलं मोठी झाली, पुस्तकं घरात येईनाशी झाली आणि माझी शाळा सुटली. मग मनू राहायला आली. मनू माझ्या लेकीची लेक. तिच्या गावाला आठवीच्या पुढे शाळा नव्हती म्हणून ती नववीला माझ्याकडे आली, आणि मीही नववीत बसले.

त्या वर्षी तिच्या बाईंनी सुरुवातीलाच विज्ञानाच्या शाखा शिकवल्या होत्या. बळ, गती, उजेड, उष्णता हे भौतिकशास्त्र. कशात काय मिसळलं की काय होतं ते रसायनशास्त्र. जिवांचं जीवशास्त्र, त्यातही झाडं वेगळी आणि जनावरं वेगळी. दगडमातीचं भूगर्भशास्त्र, ताऱ्यांचं खगोलशास्त्र. मी भाजी निवडत ऐकत होते. मी मनूला विचारलं, मग आपल्या बांधीतलं पाणी कोणाच्या वाट्याला गेलं? ते उताराकडे पळतं म्हणजे भौतिकवाल्यांचं. त्यात खत विरघळतं म्हणजे रसायनवाल्यांचं. त्यात बेडकं अंडी घालतात. ते चिकण कन्हार मातीत थांबतं आणि रेताड सिहार मातीत थांबत नाही. मनूने जरा विचार केला आणि म्हणाली, आजी, सगळ्यांचं आहे ते.

ते उत्तर माझ्या मनात बरेच दिवस घोळत राहिलं. पुढे एकदा अशीच धुऱ्यावरून चालत होते तेव्हा वाटलं, शाखा म्हणजे हे धुरेच की. जमीन एकच, पण तिला धुरे घालून बांध्या केल्या नाहीत तर पाणी ठरत नाही, आणि पाणी ठरलं नाही तर धान होत नाही. म्हणून धुरे पाहिजेत. पण शहाणा माणूस प्रत्येक धुऱ्याला एक खाच ठेवतो, वरच्या बांधीचं पाणी खालच्या बांधीत जायला. खाच नसली तर एखाद्या मोठ्या पावसात धुराच फुटतो.

शाखांच्या पुढच्या पानावर शास्त्रज्ञ कसा विचार करतो ते होतं. शब्द जड होते. मनू ते पाठ करायची आणि मी चुलीपुढे माझ्या भाषेत लावून घ्यायची. आधी नीट पाहायचं. मग काऊन, म्हणजे का, असं विचारायचं. मग आपला अंदाज सांगायचा, पण त्याला मांडीवर घेऊन बसायचं नाही. आणि मग असं काही करून पाहायचं की अंदाज खोटा असेल तर तो खोटा पडलाच पाहिजे. हे शेवटचं मला त्या वेळी एखाद्या खेळासारखं वाटलं होतं. किती भीतीचं काम आहे ते रोवणीत कळलं.

आता शेवंताचं सांगते. ती चिचगडकडची. तिकडे गावाच्या पाठीशी जंगल, बांध्या लहान लहान. मोहफुलं वेचण्यात आणि तेंदूची पानं तोडण्यात वाढलेली पोर, पण रोवणीतही हात चपळ. लग्न होऊन आली त्याच वर्षी ती गावातल्या बायांच्या गटात रोवणीला जाऊ लागली. गटाची पुढारी गिरजा. आमच्या घराला लागून तिचं घर, माझ्याच वयाची, मला वैनी म्हणते. बोलणं तिचं तोडून टाकल्यासारखं, पण मनात एक आणि ओठावर एक असं तिचं कधी नसतं.

आमच्याकडे रोवणीच्या ओळीचा एक क्रम असतो. कोणी ठरवून दिलेला नाही, पण मोडतही नाही. थोरल्या बाया मधे, कारण पऱ्ह्यांच्या पेंढ्या तिथे येऊन पडतात, हात लांबवावा लागत नाही. मधल्या वयाच्या त्यांच्या दोन्ही अंगांना. आणि नवी आलेली सून सगळ्यांत शेवटी, खालच्या धुऱ्याकडे, जिथे चिखल गुडघ्याला लागतो. यात कोणाचा दुष्टपणा नाही बरं का. म्हाताऱ्या पायांना तो चिखल झेपत नाही, तरण्या पायांना झेपतो. मीही तिथे उभी राहिले आहे, गिरजाही राहिली आहे.

आणि आमच्या बायांमध्ये एक समजूत होती. काही जणींचा हात तपतो. म्हणजे तळहातात उष्णता जास्त, तिने लावलेला पऱ्हा मुळाशी भाजतो आणि धरत नाही. असा हात बहुतेक नव्या सुनेचा असतो, आणि वर्षं गेली, लेकरंबाळं झाली की तो हळूहळू थंडावतो. शेवंता आली त्या वर्षी तिची ओळ जागोजागी मेली. बाया म्हणाल्या, नवी आहे, होईल थंडा. दुसऱ्या वर्षीही मेली. गटाने जेवढ्या बांध्या केल्या त्या सगळ्यांत तिच्या हातची ओळ पिवळी पडून बसली. त्यांचं पाहणं खोटं नव्हतं, हे मला ठासून सांगायचं आहे. मी स्वतः जाऊन पाहिलं होतं. ओळ खरंच मेलेली होती.

त्याच हिवाळ्यात शेवंताला दिवस गेले आणि ते टिकले नाहीत. मग बाया दोन्ही गोष्टी जोडू लागल्या. जिच्या हाताने पऱ्हा धरत नाही, तिच्या पोटात... पुढचं वाक्य कोणी पूर्ण करत नसे. अर्धं वाक्य पुऱ्या वाक्यापेक्षा जास्त लागतं, कारण उरलेलं ज्याचं त्याने मनात पुरं करायचं असतं. शेवंता ते करत राहिली. तिचं गाणं गेलं, मग हसणं गेलं, मग ती जेवायला माझ्या नंतर बसू लागली म्हणजे कोणी ताटाकडे पाहायला नको.

पुढच्या रोवणीच्या तोंडावर गिरजा दारात आली. पाणी दिलं तरी प्यायली नाही, तेव्हाच मी समजले. म्हणाली, "वैनी, यंदा शेवंताले घरी राहू दे. बांधीवाले बोलून राहिले. मी किती झनाइचं तोंड धरू?"

आत शेवंताने ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले तर शेवंता रांजणाशी उभी. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. ती पाणी काढत नव्हती, नुसती उभी होती, आणि बऱ्याच वेळची उभी असावी, कारण बोटं पांढरी पडली होती. मी विचारलं, काय करून राहिली? तिने माझ्याकडे न पाहता सांगितलं, "थंडे करून राहिली, माय."

मग म्हणाली, मला चिचगडला धाडून दे, रोवणी झाली की येईन. पण तिचा चेहरा पाहिला आणि मला कळलं, ही गेली तर येणार नाही. माझा मुलगा आणायला जाईल, ती येणार नाही. आणि आलीच तर ही शेवंता येणार नाही, हात लपवणारी दुसरीच कोणी बाई येईल. मी तिचे हात रांजणातून काढले, पदराने पुसले. त्यापुढे काय करायचं ते मला सुचत नव्हतं. कारण खरं सांगते, तिचा हात तपत नाही असं माझं मन म्हणत होतं, पण मनाशिवाय माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

मनू दप्तर भरत होती. तिने विचारलं, शेवंतामामी ओळीत कुठे उभी राहते? मी म्हटलं, शेवटी, नवी सून शेवटीच असते. प्रत्येक बांधीत? प्रत्येक बांधीत. मनू दप्तराचा पट्टा धरून तशीच उभी राहिली. "मग आजी, तो हात मारून राहिला का ती जागा, हे तुम्हाला कळलं कसं?"

माझ्या हातात चहाचं भांडं होतं, ते मी खाली ठेवलं. मला माझी सासू आठवली. तिने मला सांगितलं होतं की तुझाही हात पहिली काही वर्षं तपायचा, मग थंडावला. मी ते एखाद्या गुणासारखं मनात धरून होते. आता मी मोजू लागले की माझा हात थंडावला तेव्हा मी कुठे उभी होते. घरात धाकटी जाऊ आली होती. ती शेवटी गेली आणि मी एक जागा वर सरकले. गिरजाचाही हात थंडावला तो तिच्या घरात दुसरी सून आल्यावर. आमचे हात कधी थंडावलेच नव्हते. आम्ही नुसत्या ओळीत वर सरकत गेलो होतो.

मनू शाळेत गेली आणि मी दिवसभर घरात फिरत राहिले. एवढं सगळं जुळत होतं. पण जुळणं आणि असणं यांत फरक असतो, हे त्याच पुस्तकात होतं. गिरजाचंही जुळतच होतं की. संध्याकाळी मी मनूला सांगितलं, मला वाटतं ते खेकडे असतील, धुऱ्यातल्या बिळांत राहतात आणि कोवळी रोपं कातरतात. मनूला वाटत होतं खोल पाणी. गिरजाला वाटत होतं हात. तीन अंदाज आणि एक मेलेली ओळ. मनू म्हणाली, सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलायची, मग दिसेल.

एकच गोष्ट बदलायची म्हणजे गिरजाने खालच्या धुऱ्याकडे उभं राहायचं. हे तिला सांगायला मी गेले तेव्हा ती उंबरठ्यावर बसून विळ्याला धार लावत होती. मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं, विळा मात्र थांबला होता. शेवटी म्हणाली, "मी उतरीन चिखलात. माही ओळ मेली त मी चार बायांत सांगीन का हात तपत नाही. पन तिचीच मेली आन माही जगली, त तू सांगशील का? चार बायांत?"

मी हो म्हटलं. तोवर मी हे सगळं शेवंताला सोडवायला करत होते; त्या क्षणी लक्षात आलं की यातून ती आणखी अडकूही शकते, आणि तसं झालं तर तिच्याविरुद्ध बोलायचं काम माझ्याच तोंडाला येणार. घरी येऊन मी शेवंताला विचारलं, तुझी तयारी आहे का? ती म्हणाली, "खरंच तपत असन त मले तरी कळून जाईन, माय. हे असं नाही सहन होत."

बांधी आमचीच घेतली. वरच्या अंगाला एक पट्टा आणि खालच्या धुऱ्याकडे एक पट्टा. दोन्हीकडे काही ओळी गिरजाच्या, काही शेवंताच्या. ओळींचा क्रम सरळ ठेवायचा नाही असं मनूचं म्हणणं, म्हणून ती नाणं उडवायची आणि छापा पडला तर गिरजा, काटा पडला तर शेवंता. कधी गिरजाच्या लागोपाठ दोन, कधी शेवंताची एकच. गिरजा वैतागली. नाचवून राहिली का मले, म्हणाली. मीही एक उद्योग केला. चांगल्या जाड मुळांच्या पेंढ्या निवडून हळूच शेवंताकडे सरकवत होते. मनूने धरलं. "आजी, हे लाड झाले. प्रयोग नाही." आणि सगळ्या पेंढ्या पुन्हा एकत्र करून टाकल्या.

बाकीच्या बाया दुसऱ्या बांधीत होत्या. सगळ्या जेवायला गेल्यावर मनू आणि सकाळपासून धुऱ्यावर बसून ओळी मोजणारी गटातली कौसा, दोघींनी ओळींच्या टोकाला बांबूच्या काड्या खोवल्या. माझ्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या त्यांना बांधल्या, काहींना पिवळ्या, काहींना निळ्या. कोणता रंग कोणाचा हे फक्त त्या दोघींना माहीत. मनू माझी नात, ती माझ्या बाजूने झुकेल, म्हणून कौसा हवी असं गिरजाचंच म्हणणं होतं. लावणाऱ्या दोघी इतक्या गोंधळल्या होत्या की आपली ओळ कोणती हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण निवड झाली होती कौसाची, जिच्या पोटात पाणीदेखील ठरत नाही. बिचारीने फार सोसलं. कोणी काही विचारायला आलं की ती तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकायची आणि गाल फुगवून बसायची. त्या दिवसांत तिने खाल्लेल्या खर्ऱ्यावर एक टपरी चालली असती.

मग वाट पाहणं आलं. पुस्तकात प्रयोग आणि निष्कर्ष यांच्यामध्ये एवढुसा बाण काढलेला असतो. त्या बाणात माणूस किती वेळा उठतो, किती वेळा धुऱ्यावर जाऊन येतो, हे त्यात नसतं. आधी तर सगळ्याच ओळी पिवळ्या पडल्या, वरच्याही आणि खालच्याही. पऱ्हा जागेवरून उपटला की आधी रुसतोच, हे मला जन्मभर माहीत, तरी मी घाबरले. मग मोठा पाऊस झाला. तलावाच्या सांडव्यावरून पाणी आलं, बांध्या भरल्या. शेवंता तिकडे फिरकत नव्हती. घरातलं सगळं करायची, मला तेल लावून द्यायची, आणि सकाळी रांजणाशी जायची. मी पाहायची आणि न पाहिल्यासारखं करायची.

पाणी जरा उतरलं तेव्हा गिरजा सगळ्या बायांना घेऊन धुऱ्यावर आली. शेवंतालाही मी हाताला धरून नेलं. वरचा पट्टा हिरवा झाला होता. पिवळ्या चिंध्यांच्या ओळी हिरव्या, निळ्यांच्याही हिरव्या. खालचा पट्टा पाहून मात्र बायांनी चुकचुक केलं. पिवळ्याखाली मेलेले, निळ्याखाली मेलेले, पण त्यातल्या त्यात पिवळ्याखाली जास्त. एकीने लगेच बोट दाखवलं. हेच शेवंताचं, पिवळंवालं. पाहा ना कसं भाजलं. दुसरीही तेच म्हणाली. मग बहुतेक सगळ्याच म्हणाल्या. माझ्या हातातला शेवंताचा हात बर्फासारखा होता. मी कौसाकडे पाहिलं. कौसाने आधी खर्रा थुंकला, तोंड पुसलं आणि मगच बोलली.

"पिवळी गिरजाबाईची होय."

गिरजा लुगडं वर खोचून खाली उतरली. पिवळ्या चिंधीखालचं एक रोप तिने उपटलं. मुळं काळी पडली होती. तिने वास घेतला, बोटांनी मूळ चोळलं तर त्याची साल सुटून आली. मग तिने निळ्याखालचं उपटलं. तेही तसंच. तिथे पाणी अजून तिच्या गुडघ्यापर्यंत होतं, वरच्या पट्ट्यात घोट्याएवढं. दोन्ही रोपं तिने एका हातात धरली. मग वर आमच्याकडे पाहत म्हणाली, "हात नोहे. बुडून मेलं हे. पानी आहे."

आणि तिने शब्द दिला होता, म्हणून ते सगळ्या बायांना ऐकू जाईल असं पुन्हा एकदा म्हटलं.

वरच्या पट्ट्यात एक ओळ मात्र कमजोर निघाली. निळी, म्हणजे शेवंताची. बाकीच्या निळ्या छान आणि ही एकच विरळ. मी लगेच म्हटलं, खेकडे. मनूने आजूबाजूला बीळ शोधलं, सापडलं नाही. म्हणाली, आजी, हिचं माहीत नाही. मी म्हटलं, असं कसं, काहीतरी सांगावं लागेल की. ती म्हणाली, "माहीत नाही, असंही सांगता येते." एवढ्या वर्षांत मी वाचलेल्या सगळ्या विज्ञानात मला हे वाक्य सगळ्यांत विसाव्याचं वाटतं. शेवंताच्या पोटाचं काय झालं होतं, त्यालाही हेच उत्तर होतं. डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं होतं, असं होतं कधी कधी, कारण कळत नाही. पण आम्हाला रिकामी जागा पाहवली नाही आणि आम्ही तिथे एका पोरीचा हात ठेवला.

त्या दिवशी गिरजाने शेवंताला काही म्हटलं नाही. माफी वगैरे आमच्याकडे नसते. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी अंगणातल्या चुलीवर चहा ठेवला होता. शेवंता घरातून निघाली, रांजणाकडे वळली आणि तेवढ्यात कुंपणापलीकडून गिरजाचा आवाज आला. "शेवंता, चाल वं, उशीर होऊन राहिला. का तुह्यासाठी पालखी धाडू?"

शेवंता थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं, कारण धूर फार झाला होता. मग तिने रात्रीची भाकर फडक्यात बांधली आणि रांजणाला वळसा घालून निघून गेली. कोरड्या हातांनी. ती दिसेनाशी झाली आणि मी तिथेच खाली बसले. चहा उतू गेला. जाऊ दिला.

त्यानंतर आमच्या गटात एक गोष्ट बदलली. रोवणीच्या आदल्या दिवशी खालचा धुरा थोडा फोडून पाणी उतरवतात, रोप धरलं की पुन्हा बांधतात. आणि शेवटची जागा आता आळीपाळीने. जुन्या बाया थोडी कुरकुर करतात, पण उतरतात. आता या गोष्टीत कोणी शास्त्रज्ञ नव्हता आणि काही नवीन शोध लागला नाही. खोल पाण्यात कोवळं रोप कुजतं हे गिरजाला काय माहीत नव्हतं? तिच्याएवढं धान कोणी पाहिलं आहे? माहीत सगळं होतं. पण पाण्याचं ज्ञान एका बांधीत होतं आणि सुनेचं दुसऱ्या बांधीत, आणि मधल्या धुऱ्याला खाच नव्हती.

मनू आता गोंदियाला कॉलेजात आहे. रसायनशास्त्र घेतलं आहे. फोन करते तेव्हा मी तिला विचारते, तुझ्या बांधीत पाणी किती. शेवंताला पुढे मुलगी झाली. ती आता अंगणवाडीत जाते आणि घरी येऊन आम्हाला शिकवते. मुलगी झाली ती रोवणीचं कोडं सुटल्यावर, पण त्या सुटण्यामुळे झाली असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर मनू फोनवरूनच माझा कान धरेल.

एवढं लिहीपर्यंत ऊन कलायला आलं. गिरजा केव्हाची माझ्या खुर्चीशेजारी धुऱ्यावर येऊन बसली आहे, तिचेही पाय आता चिखलात उतरत नाहीत. समोर ओळीत मधोमध एक नवी पोर आहे. गिरजाची नातसून, या उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली. खालच्या टोकाला आज शेवंताची पाळी. मघाशी त्या नव्या पोरीने लावलेली काही रोपं सुटून पाण्यावर तरंगू लागली. पोर घाबरली. आपल्या दोन्ही तळव्यांकडे पाहू लागली. कोणी तिच्या कानावर जुनं काही घातलं असेल, गावात काही पुरतं मरत नाही. ओळ थांबली. एक-दोन बायांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलंही.

गिरजा बसल्या जागेवरून ओरडली, "तिच्याकडे काय पाहून राहिल्या? पानी पाहा वं आधी."

शेवंता हसली. कुदळ घेऊन खालच्या धुऱ्याशी गेली, दोन घाव घातले, आणि पाणी खळखळ आवाज करत खालच्या बांधीत उतरू लागलं.